अर्धवट गेम विकत घेण्याआधी: अर्ली ॲक्सेसमध्ये पैसे कुठे अडकतात आणि ते कसं ओळखायचं

अर्ली ॲक्सेसमधला, म्हणजे पूर्ण होण्याआधीच विकायला ठेवलेला गेम घेताना स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: आज जो बिल्ड (गेमची त्या वेळची तयार आवृत्ती) डाउनलोड होणार आहे त्यात यापुढे काहीच भर पडली नाही, तरी तो या किमतीला घेण्यासारखा आहे का? उत्तर 'हो' असेल तर घ्या. 'आत्ता नाही, पण वर्षभरात होईल' असं असेल तर तो विशलिस्टमध्ये टाका. रोडमॅप (पुढच्या कामाचं जाहीर वेळापत्रक), ट्रेलर आणि डेव्हलपरचा उत्साह यांपैकी कशाचेही पैसे परत मिळत नाहीत. बिल्डचे मिळू शकतात, तेही मुदतीत मागितले तरच.

स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाने अर्ली ॲक्सेस मार्च २०१३ मध्ये सुरू केलं, पण अपुरे गेम त्याआधीही विकले जात होते. माइनक्राफ्टची विक्री २००९ मध्ये सुरू झाली आणि पूर्ण आवृत्ती नोव्हेंबर २०११ मध्ये आली. या पद्धतीतून उत्तम गेम घडले आहेत. सबनॉटिका डिसेंबर २०१४ ते जानेवारी २०१८ अर्ली ॲक्सेसमध्ये होता, हेडीस डिसेंबर २०१८ ते सप्टेंबर २०२०, बाल्डर्स गेट ३ ऑक्टोबर २०२० ते ऑगस्ट २०२३. याच वाटेने कर्बल स्पेस प्रोग्राम २ हा रॉकेट बांधून अंतराळात नेण्याचा गेम देखील आला. फेब्रुवारी २०२३, किंमत ४९.९९ डॉलर, पाठीशी मोठा प्रकाशक आणि पहिल्या भागाचं नाव. विज्ञानाचा भाग डिसेंबर २०२३ मध्ये मिळाला. वसाहती, दुसऱ्या ताऱ्यांकडचा प्रवास आणि मल्टिप्लेअर आलेच नाहीत. २०२४ मध्ये स्टुडिओ बंद झाला आणि अपडेट थांबली. मोठं नाव किंवा जास्त किंमत म्हणजे गेम पूर्ण होण्याची हमी नव्हे, हे यापेक्षा स्पष्टपणे दाखवणारं उदाहरण सापडणार नाही.

गेम मध्येच का थांबतात

फसवणुकीचा हेतू क्वचित असतो. बहुतेक वेळा गणित चुकतं. विक्रीचा मोठा भाग पहिल्या काही आठवड्यांत होतो, नंतर ती सवलतीच्या दिवसांपुरती उरते, पण टीमचे पगार दर महिन्याला द्यावेच लागतात. अर्ली ॲक्सेसच्या विक्रीतूनच पुढचं काम करायचं ठरवलेला स्टुडिओ ही उतरण लागली की अडकतो. विक्री फारच कमी झाली किंवा झालीच नाही तरी काम पूर्ण करता येत नसेल तर अर्ली ॲक्सेसमध्ये येऊ नका, असं स्टीम स्वतः डेव्हलपरांना सांगतं. म्हणून ग्राहकानेही पाहावं की स्टुडिओने आधी एखादा गेम पूर्ण करून विकला आहे का, त्याच्यामागे प्रकाशक आहे का आणि ठरवलेलं काम टीमच्या आकाराला झेपणारं आहे का. चार जणांची टीम 'प्रचंड खुलं जग, हजार खेळाडू, संपूर्ण अर्थव्यवस्था' म्हणत असेल तर तो बेत कागदावरच कोसळतो.

दुसरं कारण तांत्रिक आहे. काही गोष्टी नंतर जोडणं सोपं असतं: नवे नकाशे, शत्रू, शस्त्रं, भाषा. काही गोष्टी पायातच लागतात. 'मल्टिप्लेअर नंतर येईल' हे त्यातलं सगळ्यात धोकादायक वाक्य. एकट्याने खेळण्यासाठी लिहिलेल्या गेममध्ये दार उघडणं, वस्तू उचलणं, शत्रूची हालचाल असं सगळं एकाच मशीनवर ठरतं. मल्टिप्लेअर आणायचा तर कोणाची माहिती अंतिम धरायची हे प्रत्येक यंत्रणेत नव्याने ठरवावं लागतं, म्हणजे अर्धा गेम पुन्हा लिहावा लागतो. मॉड (खेळाडूंनी केलेले बदल) चालवण्याची सोय आणि मोठ्या जगाचा कारभार यांचंही तसंच. मित्रांसोबत खेळण्यासाठी गेम हवा असेल आणि मल्टिप्लेअर आज चालत नसेल, तर आज घेऊ नका.

स्टोअर पेज वाचताना

स्टीमवर अर्ली ॲक्सेसच्या प्रत्येक गेमच्या पानावर ठरावीक प्रश्नांची उत्तरं डेव्हलपरला लिहावी लागतात. ट्रेलरपेक्षा ती महत्त्वाची. सुरुवात 'सध्याची स्थिती' या उत्तरापासून करा आणि त्यातल्या मोजता येणाऱ्या गोष्टी शोधा: किती नकाशे, कोणते मोड, किती तासांचं कथानक. 'गाभा तयार आहे, अनुभव समृद्ध होतो आहे' एवढंच लिहिलेलं असेल तर डेव्हलपरकडे सांगण्यासारखं फार नाही, असं समजा.

मग 'पूर्ण आवृत्ती कशी वेगळी असेल' हे उत्तर आत्ताच्या स्थितीशेजारी ठेवा. आज दोन नकाशे आहेत आणि शेवटी चार होणार असतील तर ते काम आवाक्यातलं आहे. आज एक आहे आणि वीस होणार असतील तर मागच्या वर्षात किती आले ते पाहा आणि त्या वेगाने हिशोब करा. 'किती काळ' या उत्तरात दिलेली मुदत उलटून गेली आहे का, हेही बघा. दोन वर्षांपूर्वी 'साधारण बारा महिने' असं लिहिलेलं वाक्य अजून तसंच असेल, तर ते पान कोणी सांभाळत नाही.

किमतीच्या उत्तरात बहुधा 'पूर्ण झाल्यावर किंमत वाढेल' असं असतं. त्याला घाबरून घाई करू नका. गेम पूर्ण झाल्यावर सवलती येतात आणि वाढलेला फरक बऱ्याचदा त्यातच भरून निघतो. अपवाद आहेत: फॅक्टोरिओ कधीच सवलतीत विकला जात नाही आणि त्याची किंमत २० डॉलरवरून २०१८ मध्ये ३० आणि २०२३ मध्ये ३५ झाली. पण असा ठाम बेत असलेले डेव्हलपर तो उघड सांगतात.

अपडेटचा इतिहास पाहताना नुसत्या तारखा मोजू नका. गेल्या सहा महिन्यांतल्या नोंदी उघडून प्रत्येकीत काय आहे ते वाचा: नवा मजकूर, दुरुस्त्या की फक्त सवलतीची घोषणा. बारा महिन्यांहून जास्त काळ अपडेट नसेल तर स्टीम फेब्रुवारी २०२५ पासून पानावर तशी सूचना दाखवतं. ही सूचना दिसली तर मागे फिरा, पण ती दिसत नाही म्हणून निर्धास्त होऊ नका, कारण लहानशा दुरुस्तीनेही ती टळते.

उलट बाजूही लक्षात घ्यावी लागते. सार्वजनिक बिल्ड शांत असणं म्हणजे काम थांबणं नव्हे. प्रोजेक्ट झोम्बॉइड नोव्हेंबर २०१३ पासून अर्ली ॲक्सेसमध्ये आहे. त्याचा ४१ वा बिल्ड डिसेंबर २०२१ मध्ये स्थिर झाला आणि ४२ वा चाचणीसाठी डिसेंबर २०२४ मध्ये खुला झाला. मधल्या काळात डेव्हलपर कामाची माहिती देत राहिले. हा फरक पारखायला स्टीमडीबी ही साइट उपयोगी पडते. तिथे गेमच्या पानावर पॅचची (लहान-मोठ्या दुरुस्त्यांची) यादी आणि वेगवेगळ्या ब्रँचेस, म्हणजे गेमच्या समांतर चालणाऱ्या आवृत्त्या, दिसतात. मुख्य ब्रँच थांबलेली असली तरी अंतर्गत चाचणीच्या ब्रँचवर दर आठवड्याला नवे बिल्ड चढत असतील तर टीम कामात आहे. दोन्हीकडे सामसूम आणि डेव्हलपरही गप्प, तर गेम सोडून दिला आहे असंच धरा.

रिव्ह्यू वाचताना एकूण टक्केवारीकडे दुर्लक्ष करा, ती जुन्या उत्साहावर टिकलेली असते. अलीकडचे रिव्ह्यू निवडा आणि त्यातही पन्नास-शंभर तास खेळून नकारात्मक मत देणाऱ्यांचं वाचा. नेमकं काय तुटतं आणि कोणत्या टप्प्यावर, ते त्यांनाच माहीत असतं.

कोणत्या प्रकारात धोका जास्त

कारखाने उभारण्याचे, जगण्याच्या झगड्याचे, पुन्हा पुन्हा पहिल्यापासून खेळायचे गेम अर्धवट असतानाही आनंद देतात, कारण प्रत्येक डाव स्वतंत्र असतो. कथाप्रधान गेमचं तसं नाही. बाल्डर्स गेट ३ च्या अर्ली ॲक्सेसमध्ये कथेचा फक्त पहिला अंक होता आणि तिथल्या सेव्ह फाइल पूर्ण आवृत्तीत चालल्या नाहीत. गेम कितीही चांगला असो, कथा पहिल्यांदा अनुभवण्याची संधी एकदाच मिळते. ती अपुऱ्या, बगांनी भरलेल्या बिल्डवर खर्च करू नये, असं आमचं ठाम मत आहे.

सगळ्यात वाईट गट म्हणजे फक्त कंपनीच्या सर्व्हरवर चालणारे गेम. द डे बिफोर हा असा गेम ७ डिसेंबर २०२३ रोजी अर्ली ॲक्सेसमध्ये आला, चारच दिवसांनी स्टुडिओने बंद होत असल्याचं जाहीर केलं आणि २२ जानेवारी २०२४ रोजी सर्व्हर बंद झाले. तिथे ग्राहकांना पैसे परत मिळाले, पण असं दरवेळी घडत नाही. ऑफलाइन मोड किंवा स्वतःचा सर्व्हर चालवायची सोय आहे का, हे आधी पाहा. सोय नसेल तर सर्व्हरबरोबर गेमही जातो.

पहिले दोन तास कसे वापरायचे

स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि एकूण खेळ दोन तासांपेक्षा कमी असेल तर रिफंड मिळतो. दोन्ही अटी एकत्र लागू होतात. अर्ली ॲक्सेससाठी वेगळी सवलत नाही. दोन वर्षांनी डेव्हलपरने काम सोडलं तर नियमानुसार हक्काचा रिफंड उरलेला नसतो, म्हणून तपासणी याच दोन तासांत उरकावी लागते. मेनूत गेम उघडा ठेवलेला वेळ आणि गेममध्ये शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार होण्याचा वेळही खेळण्याच्या वेळेत मोजला जातो. त्यामुळे गेम चालू ठेवून जेवायला जाऊ नका.

पहिली पंधरा मिनिटं सेटिंग आणि वेग यांसाठी ठेवा. नेहमीच्या रिझोल्यूशनवर फ्रेम रेट (सेकंदाला दिसणारी चित्रं) बघा, मग रिझोल्यूशन सगळ्यात कमी करून त्याच जागी उभं राहून पुन्हा बघा. फ्रेम रेट बराच वाढला तर ताण ग्राफिक्स कार्डवर आहे, तो सेटिंग किंवा पुढच्या पॅचने हलका होऊ शकतो. वाढलाच नाही तर ताण प्रोसेसरवर आहे. गेमचं सिम्युलेशन एकाच कोअरवर अडकलेलं असतं, तेव्हा ते सुधारायला मूळ रचना बदलावी लागते. 'ऑप्टिमायझेशन शेवटी करू' हे वाक्य अशा वेळी मनावर घेऊ नका.

पुढचा तासभर नीट खेळा. त्यानंतर मुद्दाम त्रास द्या: सेव्ह करून गेम पूर्ण बंद करा, पुन्हा उघडून सगळं जागेवर आहे का पाहा, दुसऱ्या विंडोत जाऊन परत या, कंट्रोलर काढून जोडा. बांधकामाचे आणि कारखान्याचे गेम जग मोठं झाल्यावरच मंदावतात, ते दोन तासांत कळत नाही. त्यासाठी कोणीतरी पन्नास तासांनंतरच्या सेव्हवर रेकॉर्ड केलेला अलीकडचा व्हिडिओ शोधा. एक तास चाळीस मिनिटांवर थांबा आणि निर्णय घ्या. रिफंड स्टीमच्या सपोर्ट पानावरून मागायचा: अलीकडच्या खरेदीतून गेम निवडा, रिफंडचा पर्याय घ्या, पैसे वॉलेटमध्ये हवेत की मूळ मार्गाने ते ठरवा.

इतर दुकानांचे नियम वेगळे आहेत. एपिकवरही साधारण १४ दिवस आणि दोन तास. गॉगवर खेळून पाहिलेल्या गेमसाठीही ३० दिवसांपर्यंत रिफंड मागता येतो, त्यामुळे तोच गेम दोन्हीकडे असेल तर गॉग सुरक्षित. प्लेस्टेशनवर डाउनलोड सुरू केलं की गेम सदोष असल्याखेरीज रिफंड मिळत नाही. बाहेरच्या विक्रेत्याकडून घेतलेल्या कीचे (गेम सुरू करण्याच्या कोडचे) पैसे स्टीम परत करत नाही, म्हणून अर्ली ॲक्सेसची स्वस्त की हा खोटा फायदा आहे.

घेतल्यानंतर

सेव्ह फाइलची प्रत प्रत्येक मोठ्या अपडेटआधी स्वतः काढून ठेवा. क्लाउडवर भिस्त ठेवू नका, कारण बिघडलेली फाइलही क्लाउडवर तितक्याच तत्परतेने चढते. गेम बनवण्याच्या युनिटी आणि अनरियल या इंजिनांपैकी, विंडोजवर युनिटीचे गेम बहुधा ॲपडेटामधल्या लोकललो फोल्डरमध्ये सेव्ह करतात, अनरियलचे ॲपडेटामधल्या लोकलमध्ये गेमच्या नावाखाली सेव्हगेम्समध्ये, इतर काही डॉक्युमेंट्समधल्या माय गेम्समध्ये. ॲपडेटा दिसत नसेल तर लपवलेली फोल्डरं दाखवण्याचा पर्याय सुरू करा. स्टीममध्ये गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये अपडेट 'गेम सुरू करतानाच' व्हावं असं ठेवलं की प्रत काढायला वेळ मिळतो. तिथेच बेटा विभागात डेव्हलपरने जुनी ब्रँच ठेवली असेल तर चालू डाव तिच्यावर संपवता येतो.

गेम पूर्ण होईपर्यंत डीएलसी (वेगळ्या पैशांनी मिळणारी भर) घेऊ नका. आर्क या गेमने सप्टेंबर २०१६ मध्ये, मूळ गेम अजून अर्ली ॲक्सेसमध्ये असतानाच, वेगळ्या पैशांचा विस्तार विकला. पूर्ण आवृत्ती ऑगस्ट २०१७ मध्ये आली. अपुऱ्या पायावरच्या विस्तारासाठी पैसे देऊन तुम्ही धोका दुप्पट करता.

आवृत्ती १.०, म्हणजे पूर्ण आवृत्ती आल्यावर जुना डाव पुढे ओढण्याचा मोह होतो. आधी सगळे मॉड काढा, सेव्ह बाजूला ठेवा, जुनी सेटिंगची फाइल पुसा आणि नवा डाव सुरू करा. जुन्या सेव्हमधलं जग बहुतेकदा जुन्याच नियमांनी तयार झालेलं असतं, नवे प्रदेश आणि मोहिमा त्यात उगवत नाहीत, आणि मग गेम अपुराच राहिला असं वाटू लागतं.