ॲसिडिटीची गोळी हातात देण्याआधी

औषधांच्या काउंटरवर नव्याने उभं राहिलं की ॲसिडिटीच्या गोळ्या मागणारे सतत येतात. आपला हातही लगेच कपाटाकडे जातो. त्याआधी तीन गोष्टी विचारायची सवय लावून घ्या: कोणासाठी हवी, त्रास किती दिवसांपासून आहे, आणि बाकी कोणती औषधं चालू आहेत.

तिसऱ्या प्रश्नाला हमखास उत्तर येतं, "काही नाही." तिथे सोडू नका, गोळीचं काम सांगून विचारा. एका आजींना मी विचारलं, "गुडघेदुखीची गोळी घेता का?" त्या म्हणाल्या, "ती होय? ती रोजचीच आहे, तिला कुठे औषध म्हणायचं!" आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्यांनी जठराच्या अस्तराला जखम होते. पुढे विचारल्यावर कळलं, शौचाला काळं होत होतं, म्हणजे पोटात रक्तस्राव होत असू शकतो. लोहाच्या गोळ्यांनीही तसं होतं, पण त्या चालू नव्हत्या. मी गोळी न देता त्यांना त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायला सांगितलं. रक्ताची उलटी, गिळताना अडकणं, कारण नसताना वजन घटणं, यातलं काहीही असलं तरी हेच करायचं.

अँटासिड, म्हणजे पोटातलं आम्ल शमवणारं औषध, काही मिनिटांत आराम देतं, पण तो फार टिकत नाही. आम्ल तयार होणंच कमी करणाऱ्या ओमेप्राझोलचं उलटं आहे. ते जेवणाआधी अर्धा-एक तास घ्यायचं आणि पूर्ण गुण यायला १ ते ४ दिवस लागू शकतात. हे सांगितलं नाही तर माणूस दुसऱ्याच दिवशी "लागू पडली नाही" म्हणत येतो. अमेरिकेत चिठ्ठीविना मिळणाऱ्या ओमेप्राझोलच्या पाकिटावर १४ दिवसांचाच कोर्स लिहिलेला असतो, आणि ४ महिन्यांच्या आत तो पुन्हा घ्यायचा नसतो. दर महिन्याला तीच पट्टी मागणारा चेहरा लक्षात ठेवा. माझ्या मते त्याला तपासणीची गरज आहे. बरेच दिवस घेऊन एकदम बंद केल्यावर काहींना आम्ल उसळून जळजळ वाढते, हेही त्याला सांगा.

थायरॉइडची गोळी आणि अँटासिड यांत ४ तासांचं अंतर हवं. क्लोपिडोग्रेल (रक्ताच्या गुठळ्या रोखणारी गोळी) चालू असेल तर ओमेप्राझोल देऊ नका.

आणि छातीत दाब, घाम, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे सरकतंय असं कोणी म्हणालं, तर "आधी हे पातळ औषध घेऊन बघा" म्हणू नका. त्यांना बसवा आणि आधी रुग्णवाहिका बोलवा.