शाळेतील ॲथलेटिक ट्रेनरच्या कामाची दखल कशी घ्यावी

अमेरिकेत मार्च हा ॲथलेटिक ट्रेनिंग या व्यवसायाचा महिना म्हणून पाळला जातो. तिथल्या हायस्कूलमध्ये ज्यांची मुले अमेरिकन फुटबॉल, सॉकर किंवा कुस्ती खेळतात, त्या मराठी पालकांनी या निमित्ताने आभाराचे कार्ड अवश्य द्यावे. पण खरी दखल घ्यायची असेल, तर आधी हे काम नीट समजून घ्यावे.

जिममध्ये व्यायाम करून घेणाऱ्या ट्रेनरपेक्षा ही व्यक्ती वेगळी आहे. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९९० मध्ये या व्यवसायाला आरोग्यसेवेतील व्यवसाय म्हणून मान्यता दिली. आज त्यात येण्यासाठी पदव्युत्तर शिक्षण, राष्ट्रीय पातळीवरील प्रमाणन परीक्षा आणि बहुतेक राज्यांत परवानाही लागतो. दुखापत टाळणे, ती ओळखणे, तातडीचे उपचार करणे आणि खेळाडूला पुन्हा मैदानावर उभे करणे, हे सारे ते डॉक्टरांच्या सहकार्याने करतात.

२ जानेवारी २०२३ रोजी सिनसिनाटीत बफेलो बिल्स या व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल संघाचा खेळाडू डामार हॅमलिन सामन्यात कोसळला, त्याचे हृदय थांबले, तेव्हा संघाचे सहायक ॲथलेटिक ट्रेनर डेनी केलिंग्टन यांनी त्याला सीपीआर (छाती दाबून हृदय चालू ठेवण्याचा तातडीचा उपचार) दिला, हे साऱ्या देशाने पाहिले. शाळेच्या मैदानावर मात्र कॅमेरे नसतात. ऑगस्टच्या उन्हात सराव करताना एखाद्या मुलाला उष्माघात झाला आणि शरीराचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर गेले, तर आधी त्याला बर्फाच्या पाण्यात बसवून थंड करायचे आणि मगच रुग्णालयात न्यायचे असते. तो टब सराव सुरू होण्यापूर्वीच भरून ठेवलेला असावा लागतो, आणि ही तयारी कोणाच्या नजरेत येत नाही.

म्हणून शाळेला विचारावे: ट्रेनर केवळ सामन्यांना असतात की सरावालाही? एईडी, म्हणजे थांबलेल्या हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र, कुठे ठेवले आहे? आपत्कालीन योजना लेखी आहे का आणि तिची रंगीत तालीम होते का?

याहूनही मोठी दखल म्हणजे त्यांच्या निर्णयामागे उभे राहणे. डोक्याला मार लागल्याच्या संशयावरून ट्रेनरने मुलाला बाहेर बसवले, की महत्त्वाचा सामना हुकतो, मुलगा रुसतो, प्रशिक्षकही नाराज होतात. अशा वेळी पालकांनी ट्रेनरवर दबाव आणू नये, आणि मुलाला लक्षणे लपवायला तर कधीच शिकवू नये. डोक्याला मार लागल्याचा संशय असलेल्या मुलाला बाहेर बसवण्याबाबत वॉशिंग्टन राज्याने २००९ मध्ये कायदा केला आणि पुढे इतर राज्यांनीही केले. मेंदूला बसलेला धक्का पुरता ओसरण्याआधी दुसरा बसला, तर तो जिवावर बेतू शकतो.

पत्र लिहिणार असाल, तर ते मुख्याध्यापकांना लिहून त्याची प्रत ट्रेनरला द्यावी. ‘छान काम करता’ एवढ्यावर न थांबता कोणत्या दिवशी काय केले, ते त्यात नमूद करावे. दुसऱ्या मुलाच्या आजाराचा उल्लेख मात्र टाळावा. अनेक राज्यांत शाळांचे आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होत असल्याने वसंत ऋतूतच अंदाजपत्रकाची चर्चा चालते. स्कूल बोर्डाच्या त्या बैठकीत पालकांना बोलण्यासाठी वेळ राखलेला असतो. तेव्हा उठून पूर्णवेळ ट्रेनरच्या पदासाठी तरतूद मागावी.