शाळा सुटतानाचा गाड्यांचा गोंधळ कसा सोडवला – माझा अनुभव

आमची शाळा कोथरूडला, आवार लहान, आणि शाळा सुटली की बस, व्हॅन, रिक्षाकाका, टूव्हीलरवाले पालक सगळे एकाच गेटमधून आत, त्यातूनच पोरं चालत बाहेर. खरा धोका स्पीडचा नव्हताच, रिव्हर्सचा होता. व्हॅनच्या मागे बुटाची लेस बांधायला वाकलेलं पहिलीतलं पोर कुठल्याच आरशात दिसत नाही, मी ड्रायव्हरच्या सीटवर बसून बघितलंय.

महाराष्ट्राच्या २०११ च्या स्कूल बस नियमांप्रमाणे शाळेत परिवहन समिती लागते, मुख्याध्यापक अध्यक्ष, पालकांचा आणि ट्रॅफिक पोलिसांचा माणूसही त्यात असतो. ती मीटिंग लावा म्हणून मॅडमच्या मागेच लागलो. मग ठरलं, छोटं गेट फक्त चालणाऱ्यांना, मोठं गाड्यांना, आत वन-वे म्हणजे रिव्हर्स घ्यायची वेळच येत नाही, आणि सगळी पोरं बसून अटेंडंट ताईंनी हात दाखवल्याशिवाय एकही बस हलणार नाही. पालकांच्या गाड्या आत बंद. यावर जाम ओरड झाली, पावसाचं कारण तर रोजचंच, पण इथे अजिबात माघार घेऊ नका, बाकी सगळं यावरच टिकतं. पिवळे पट्टे पावसाने पुसट झालेत, ते दिवाळीच्या सुट्टीत परत मारून घेतोय.