कॅथलिक शाळा आणि पालक: संवाद बिघडवणाऱ्या या चुका टाळा

शाळा चालवणाऱ्या फादरांना किंवा सिस्टरांना काही विचारायचं म्हणजे धर्मालाच प्रश्न केल्यासारखं वाटतं, म्हणून कितीतरी पालक वर्षभर गप्प राहतात. मग प्रगतिपुस्तकाच्या दिवशी साचलेलं सगळं एकदम बाहेर पडतं आणि समोरच्या वर्गशिक्षिकेला कळतच नाही की हा राग नेमका कशाचा. कॅथलिक शाळांतले बहुतेक तंटे मला इथूनच सुरू झालेले दिसतात. विचारायच्या वेळी विचारलं नाही, आणि विचारलं तेव्हा भलत्याच माणसाला.

हा संकोच बाळगायचं खरं तर कारणच नाही. जगभरातल्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली शिक्षणाविषयी जो जाहीरनामा काढला, त्यात आईवडीलच मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक असं स्वच्छ म्हटलं आहे. १९८३ च्या कॅनन कायद्यातलं, म्हणजे चर्चच्या स्वतःच्या कायद्यातलं, ७९६ वं कलम आणखी पुढे जातं. पालकांनी शिक्षकांना सहकार्य करावं हे तर त्यात आहेच, पण शिक्षकांनीही पालकांचं म्हणणं मनापासून ऐकावं आणि पालकांच्या सभांना, संघटनांना मोठा मान द्यावा, असंही त्यात आहे. म्हणून प्रश्न विचारताना तुम्ही शाळेकडे उपकार मागत नसता. चर्चनेच जी जागा तुम्हाला दिली आहे तिथून विचारता.

मधल्या पायऱ्या गाळून थेट वर जाणं

गृहपाठ तपासला नाही, बाकाची जागा बदलली, एका मुलाने चिडवलं. अशा गोष्टींसाठी पालक थेट मुख्याध्यापकांचं दार ठोठावतात, काही जण तर बिशपांना पत्र लिहून मोकळे होतात. वर्गशिक्षिकेला आपल्याविरुद्धची तक्रार वरिष्ठांच्या तोंडून कळते. त्यानंतर ती तुमच्याशी जे बोलेल ते स्वतःला सांभाळून बोलेल. मुलाबद्दल तिला जे माहीत आहे, ते तुमच्यापर्यंत पोहोचणारच नाही. हे नुकसान तक्रार निकालात निघाली तरी भरून येत नाही.

जे काम खालच्या पातळीवर होऊ शकतं ते वरच्याने ओढून घेऊ नये, हे चर्चच्या सामाजिक शिकवणुकीतलंच तत्त्व आहे. पोप पायस अकरावे यांनी १९३१ च्या परिपत्रकात ते मांडलं. शाळेतही तेच धरा. आधी वर्गशिक्षक किंवा विषयशिक्षक, मग पर्यवेक्षक, मग मुख्याध्यापक.

त्याच्याही वर कोण, हे प्रत्येक शाळेत वेगळं असतं आणि पालक इथे हमखास गोंधळतात. शाळा पॅरिशची (स्थानिक चर्चची) असेल तर पॅरिश प्रीस्ट, म्हणजे तिथले प्रमुख फादर; धर्मप्रांताची (एका बिशपांच्या अखत्यारीतल्या प्रदेशाची) असेल तर धर्मप्रांताचं शिक्षण कार्यालय; फादर-सिस्टरांच्या एखाद्या संन्यस्त संस्थेची असेल तर त्या संस्थेचे प्रोव्हिन्शियल, म्हणजे प्रांतप्रमुख. आपल्या धर्मप्रांतातल्या सगळ्या कॅथलिक शाळांवर देखरेख करण्याचा आणि त्यांना भेट देण्याचा अधिकार बिशपांना आहे, पण सिस्टरांच्या संस्थेची शाळा रोजच्या रोज कशी चालवायची हे ती संस्थाच ठरवते. प्रवेशाच्या वेळीच शाळा कोणाची आहे हे विचारून ठेवा.

या पायऱ्यांना एकच अपवाद आहे आणि तो ठाम आहे. मारहाण, लैंगिक गैरवर्तन, मुलाच्या जिवाला धोका असा प्रश्न असेल तर कोणाच्या परवानगीची वाट पाहू नका. त्याच दिवशी पोलिसांकडे किंवा बालसंरक्षण यंत्रणेकडे जा. ‘शाळेचं नाव खराब होईल, आधी आतल्या आत बघू’ हे कोणीही सांगितलं तरी ऐकू नका. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये प्रत्येक धर्मप्रांताला अशा तक्रारी नोंदवण्याची सोय करायला लावली, पण ती सोय पोलिसांच्या ऐवजी वापरायची नाही.

धर्माची बाजू गृहीत धरणं

ही चूक दोन्हीकडून होते. आधी कॅथलिक नसलेल्या घरांचं बघू. प्रवेश घेताना अभ्यास, शिस्त, फी सगळं विचारलं जातं, पण प्रार्थना, मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना), धर्मशिक्षणाचा तास याबद्दल कोणी विचारत नाही. मग शाळेच्या मिस्साला सगळी रांग कम्युनियनसाठी, म्हणजे एरवी कॅथलिकांनाच दिली जाणारी पवित्र भाकर घ्यायला, उठते, तुमचं मूलही मित्रामागे उठतं आणि पुढे गेल्यावर त्याला थांबवलं जातं. त्याला वाटतं, आपलं काहीतरी चुकलं. हे टाळणं अगदी सोपं आहे. पहिल्या मिस्साच्या आधीच वर्गशिक्षिकेला विचारा, ‘त्या वेळी आमच्या मुलाने नेमकं काय करायचं?’ काही शाळांत अशी मुलं जागेवर बसून राहतात, काही ठिकाणी छातीवर हातांची घडी घालून नुसता आशीर्वाद घेतात. मुलाला आधी माहीत असलं की झालं. श्रद्धा स्वीकारण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही, हे कॅनन कायद्याच्या ७४८ व्या कलमात आहे. पण शाळेचं वातावरण कॅथलिकच असणार, हेही धरून चाला.

कॅथलिक पालकांची चूक नेमकी उलटी. शाळा कॅथलिक आहे ना, मग धर्माचं ती बघेल! मुलाच्या पहिल्या कम्युनियनची तयारी शाळेत आपोआप होईल असं समजून बसतात आणि पॅरिशमधल्या नावनोंदणीची तारीख निघून जाते. कॅनन कायद्याप्रमाणे (कलम ९१४) ही तयारी होते की नाही हे पाहण्याची जबाबदारी सर्वांत आधी आईवडिलांची आणि पॅरिश प्रीस्टची आहे. शाळा काय शिकवते आणि पॅरिश काय शिकवते, हे वर्षाच्या सुरुवातीलाच दोन्हीकडे विचारून घ्या.

पालकांच्या ग्रुपमध्ये शिक्षकांवर खटला चालवणं

व्हॉट्सॲप ग्रुप डबा, गणवेश, सुट्टीची सूचना यांच्यासाठी ठीक आहे. शिक्षकाचं नाव घेऊन तिथे तक्रार टाकली की तासाभरात ती दहा जणांची होते आणि मूळ गोष्ट काय होती हे कोणालाच आठवत नाही.

मोघम आणि रागात लिहिणं

‘तुमच्या वर्गात माझ्या मुलीकडे कोणाचंच लक्ष नसतं.’ याला शिक्षिका काय उत्तर देणार? हेच असं लिहून बघा: ‘नमस्कार टीचर. सोमवारपासून रिया शाळेत यायला रडते आहे. मधल्या सुट्टीत आपल्याला कोणी खेळायला घेत नाही, असं ती सांगते. तुमच्या काही नजरेस आलं आहे का? या आठवड्यात दहा मिनिटं भेटता येईल का?’ यात काय घडलं, कधीपासून आणि तुम्हाला काय हवं, हे सगळं आलं. शिवाय मुलीने सांगितलं ते तिचं म्हणणं म्हणून सांगितलं, निकाल म्हणून नाही. रात्री लिहिलेला निरोप सकाळी पाठवा.

सहभाग म्हणजे फक्त वर्गणी आणि स्टॉल

पालक-शिक्षक संघात काम करा, जत्रेचा स्टॉल लावा, जरूर. पण सल्लागार मंडळ असेल तर तिथेही जा. बहुतेक ठिकाणी त्याचं काम सल्ला देण्याचं असतं, निर्णय शाळा चालवणारी संस्थाच घेते. हे न कळल्यामुळे काही उत्साही पालक पहिल्याच बैठकीत दुखावले जातात.

शाळांनाही एक सांगायचं आहे. घरी फोन फक्त तक्रारीसाठीच गेला, तर शाळेचा नंबर दिसताच पालकांच्या पोटात गोळा येतो. वर्षाच्या पहिल्या महिन्यात प्रत्येक घरी एक तरी चांगली बातमी कळवा. आणि सूचनापत्रात ‘रिट्रीट’, ‘लेंट’, ‘फीस्ट’ असे शब्द येतात तेव्हा त्या दिवशी मुलाने काय करायचं, काय आणायचं, किती वाजता सुटणार, हे एका ओळीत लिहा. अर्ध्या पालकांना ते शब्द नवे असतात आणि विचारायला त्यांना अवघड वाटतं.

भेट झाल्यावर त्याच संध्याकाळी दोन ओळींचा निरोप पाठवा: काय ठरलं, कोण करणार, पुन्हा कधी बोलायचं. ठरलेल्या दिवशी काहीच हललं नसेल तर हाच निरोप घेऊन पुढच्या पायरीवर जा.