स्टॅम्प काँक्रीटवर पावसाळ्यानंतर पांढरे चट्टे : माझा अनुभव

नाशिकला गंगापूर रोडला घर आहे, पार्किंगमध्ये स्टॅम्प काँक्रीट (ओल्या काँक्रीटवर साचे दाबून डिझाईन उठवलेली रंगीत फरशी) केलंय. पावसाळा संपला आणि बघतो तर रंगावर दुधाळ चट्टे, डिझाईनच्या खाचांत तर जास्तच. साबण, ब्रश, प्रेशर वॉशर, मिस्त्रीने सांगितलेलं अ‍ॅसिड, कशानेच फरक नाही, नुसता वैताग.

मिस्त्रीला वाटलं तसे काँक्रीटमधून वर आलेले क्षार नव्हतेच ते, वरून मारलेल्या सीलरच्या (संरक्षक पारदर्शक लेपाच्या) थराखाली ओल अडकली होती. ओळखायचं कसं, तर कोपऱ्यात चिंधीने थोडं झायलीन (सीलर मऊ करणारं सॉल्व्हंट, थिनरसारखं) लावा, चट्टा गेला आणि वाळल्यावरही परत आला नाही तर दोष सीलरचा. हे फक्त सॉल्व्हंटवाल्या अ‍ॅक्रिलिक सीलरला चालतं, वॉटर बेसला नाही.

आधी काही दिवस कडक ऊन खाऊ दिलं. मग प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवला, सकाळी खाली दव नव्हतं म्हणून काम सुरू केलं, ऊन चढायच्या आत. झाडून घेतलं, साधारण चार बाय चार फुटांत रोलरने झायलीन लावलं, सीलर मऊ होऊन चिकट लागला की लगेच त्याच रोलरने मागे-पुढे फिरवून खाचांत साचलेला सीलर ओढून पसरवला, मग शेजारचा तुकडा, कडा थोड्या एकमेकांवर घेत. रोलर सॉल्व्हंटमध्ये टिकणाराच घ्या, फोमचा विरघळतो. झायलीन पेट घेतं, वासही डोक्यात जातो, त्यामुळे सॉल्व्हंटची वाफ अडवणारा कार्ट्रिजवाला मास्क, हातमोजे हवेतच आणि आसपास बिडी-सिगरेट, देवघरातली उदबत्तीसुद्धा नको. दुसऱ्या दिवशी चालायला हरकत नाही, गाडी मात्र दोन-तीन दिवस बाहेरच. वरून सीलरचा नवीन कोट मारला नाही, जाड थर झाला की ओल परत अडकते.