जुन्या डब्बा टीव्हीचं पिक्चर मधेच जातंय? आधी जाताना कसं जातं ते बघा

जुन्या ट्यूबवाल्या टीव्हीचं पिक्चर जातं, वरून एक थापटी मारली की परत येतं, आणि मग आपण वर्षभर थापट्याच मारत बसतो. थापटीने येतंय म्हणजे आत कुठेतरी टाका (सोल्डरचा जोड) सुटलाय, ज्याला ड्राय सोल्डर म्हणतात, एवढं त्यातून कळतं पण कुठे ते कळत नाही. त्यासाठी पिक्चर जाताना नेमकं काय दिसतं ते नीट बघायचं, अर्धं काम तिथेच होतं.

पहिलं म्हणजे पिक्चर गेलं की रिमोटचं मेनू बटण दाबा. मेनू व्यवस्थित दिसतोय आणि मागे नुसत्या मुंग्या किंवा निळा स्क्रीन असेल तर टीव्ही उघडूच नका, वायर, पिन, सेटटॉप बॉक्स बघा, एव्ही सॉकेटला दुसरं काहीतरी लावून बघा, तिथे चांगलं चाललं तर दोष वायरमधे किंवा ट्यूनरमधे (चॅनल पकडणारा भाग). मेनूही सोबत गायब होत असेल तर मग गडबड पुढे, टीव्हीच्या आत आहे.

आता पिक्चर आकसून मधोमध एक आडवी रेघ उरली तर व्हर्टिकल सेक्शन (पिक्चर वरपासून खालपर्यंत पसरवणारा भाग), म्हणजे हीटसिंकला (गार ठेवणाऱ्या धातूच्या पट्टीला) लावलेली व्हर्टिकल आयसी आणि तिचे पाय. ही आयसी तापते, टीव्ही बंद केला की गार होते, अशी वर्षं गेली की पायाभोवती सोल्डरला गोल बारीक चीर पडते, भिंगाशिवाय दिसत नाही. (रेघ दिसली की ब्राइटनेस लगेच कमी करा, नाहीतर ट्यूबवर तिथेच कायमचा डाग पडतो.) उभी रेघ आली तर बहुतेक योकचा (ट्यूबच्या मानेवरच्या तारेच्या वेटोळ्याचा) कनेक्टर. एखादाच रंग येतजात असेल तर ट्यूबच्या मानेवरचा छोटा बोर्ड. आणि पिक्चर आवाज दोन्ही एकदम जात असेल तर पॉवर सप्लाय किंवा ईएचटीच्या (ट्यूबला हाय व्होल्टेज देणारा ट्रान्सफॉर्मर) आसपासचे टाके बघा, ईएचटी जड असतो आणि तापतोही, त्यामुळे त्याचे टाके लवकर सुटतात.

अजून एक, गार असताना त्रास आणि तापल्यावर बरं होतं? मग टाक्यांपेक्षा सुकलेल्या कंडेन्सरवर (कपॅसिटर) संशय घ्या. उलटं असेल, अर्ध्या तासाने जात असेल, तर टाक्याला चीर किंवा तापून दगा देणारी आयसी.

उघडण्याआधी हे वाचाच. ट्यूबला २० ते २५ हजार व्होल्ट जातात आणि प्लग काढल्यावरही ट्यूब चार्ज धरून ठेवते, सप्लायच्या मोठ्या कंडेन्सरमधे ३०० च्या आसपास व्होल्ट उरतात ते वेगळेच. ट्यूब आणि हा कंडेन्सर डिस्चार्ज कसे करायचे हे कोणी समोर करून दाखवलं नसेल तर मागचं झाकण काढू नका, वरची लक्षणं मेकॅनिकला सांगा, त्याचाही वेळ वाचेल. मानेला धक्का लावायचा नाही, काच पिचली की हवा आत जाते आणि ट्यूब संपली.

सवय असेल तर चालू टीव्हीत लांब कोरड्या प्लास्टिकच्या काडीने संशयाच्या जागी हलकेच टकटक करा, दुसरा हात पाठीमागे. एका जागी टकटक केली की सगळा बोर्डच हलतो त्यामुळे पहिल्या जागेवर विश्वास ठेवू नका, जिथे अगदी हलक्या स्पर्शाने पिक्चर उडतं ती जागा खरी. मग बंद, प्लग बाहेर, डिस्चार्ज, आणि जुनं सोल्डर ओढून काढून, पाय घासून नवीन भरा. जुन्यावरच नवीन थापलं तर दोन महिन्यांनी परत तेच, मी हे केलंय, दोनदा. आयर्न हातात आहेच तर ईएचटी, व्हर्टिकल आयसी, योकचा कनेक्टर सगळेच टाके उरकून घ्या आणि मग निदान दोन तास टीव्ही चालवून बघितल्याशिवाय मागचे स्क्रू लावू नका.