टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक: मोटोक्रॉस आणि आरसीत नव्याने उतरणाऱ्यांसाठी

मोटोक्रॉसमध्ये (मातीच्या ट्रॅकवरच्या बाइक शर्यतीत) १२५ सीसी टू-स्ट्रोकची गाठ साधारणपणे २५० फोर-स्ट्रोकशी का घालतात, हे माहीत असेलच. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या दर फेऱ्याला स्फोट, फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांना एक. १९९७ मध्ये डग हेन्रीने यामाहाच्या ४०० सीसी फोर-स्ट्रोकवर लास वेगासची सुपरक्रॉस (स्टेडियममधली मोटोक्रॉस) शर्यत मारली, पुढच्या वर्षी वायझेड ४०० एफ बाजारात आली आणि वारं फोर-स्ट्रोककडे फिरलं. आरसीत, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या मॉडेल गाड्यांत, मात्र ते फिरलंच नाही. १/८ मापाच्या नायट्रो बग्गीत (इंधन मेथॅनॉल आणि नायट्रोमिथेनचं) आजही ३.५ सीसीचं टू-स्ट्रोकच असतं, कारण एवढ्याशा इंजिनात कॅम आणि व्हॉल्व्हचं वजन परवडत नाही. फोर-स्ट्रोक ग्लो इंजिनं (ठिणगीऐवजी तापलेल्या तारेच्या प्लगवर पेटणारी) दिसतात ती बहुतेक आरसी विमानांत.

ताकदीची तुलना हवी तेवढी वाचायला मिळेल. नवा माणूस फसतो तो मिक्स्चर लीन होण्यात, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडण्यात.

टू-स्ट्रोकमध्ये ऑइल इंधनातूनच येतं. ४०:१ म्हणजे लिटरभर पेट्रोलला २५ मिली, ३२:१ म्हणजे ३१ मिली. त्यामुळे इंधन कमी पडलं की इंजिन तापतं आणि त्याच वेळी वंगणही कमी होतं. अॅल्युमिनियमचा पिस्टन फुगतो आणि सिलिंडरला धरतो. घात असा की धरण्याच्या जरा आधी इंजिन सगळ्यात छान पळतं. आवाज मोकळा, पिकअप धारदार. ‘अजून थोडी लीन कर, बघ कशी सुटते’ असं सांगणारे गुरू प्रत्येक पिटमध्ये असतात. पिस्टनचा खर्च त्यांच्या खिशातून जात नाही, एवढं ध्यानात ठेवा.

आता उलटी चूक. घाबरून ऑइल वाढवलं आणि कार्ब्युरेटरचा जेट (इंधन येण्याचं भोक) तोच ठेवला, तर त्या भोकातून तेवढ्याच वेळात पेट्रोल कमी जातं. म्हणजे मिक्स्चर आणखी लीन! एकच प्रमाण धरा, मापाच्या भांड्याने मोजा आणि जेटिंग त्यावर बसवा. अंदाजाने झाकणभर ओतणं बंद. थंडी पडली की हवा दाट होते, मेन जेट एखादा नंबर मोठा लागतो. उंचावर हवा विरळ, तिथे लहान. उन्हाळ्यात मस्त चालणारी गाडी पहिल्या थंड सकाळी धरते ती यामुळेच.

थ्रॉटल सोडल्यावर आरपीएम खाली यायला वेळ लागत असेल, तर जेटला हात लावू नका. आधी इनटेकचं रबर आणि क्रँकचं ऑइल सील बघा, कुठून तरी हवा ओढली जातेय. लांब सरळ रस्त्याच्या शेवटी थ्रॉटल एकदम बंद करून इंजिन ब्रेकिंगवर येऊ नका. आरपीएम चढलेले असतात आणि ऑइल जवळपास थांबलेलं असतं. क्लच दाबा.

नायट्रोतही गोष्ट तीच, फक्त जेटऐवजी इंधन कमी-जास्त करणारी सुई (नीडल) हातात असते. हाय-स्पीड नीडल घड्याळाच्या दिशेने फिरवली की लीन. इंजिन पूर्ण तापल्यावरच, एका वेळी फेऱ्याचा बारावा भाग. पूर्ण वेगात धुराची रेघ दिसलीच पाहिजे. धूर गेला तर गाडी लगेच आत घ्या. टेम्परेचर गनचा आकडा काहीही म्हणो. नव्या इंजिनाची स्लीव्ह वर अरुंद असते, इंजिन थंड असताना पिस्टन तिथे अडकतो. हीट गनने गरम करून मगच स्टार्टर लावा आणि इंजिन बंद झाल्यावर फ्लायव्हील फिरवून पिस्टन खाली आणून ठेवा. टाकीत इंधन ठेवून घरी जाऊ नका. मेथॅनॉल पाणी ओढतं आणि बेअरिंग गंजतात.

एवढं वाचून टू-स्ट्रोकला घाबरू नका. इंजिन हलकंच धरलं असेल आणि सिलिंडरच्या आतला निकासिलचा कठीण लेप शाबूत असेल, तर चिकटलेलं अॅल्युमिनियम काढून नवा पिस्टन, रिंग, गॅस्केट टाकलं की काम भागतं. एक दिवस पुरतो. माझ्या मते शिकायला यासारखं इंजिन नाही.

फोर-स्ट्रोक चुका पोटात घालतं आणि मग सगळं बिल एकदम देतं. व्हॉल्व्ह तुटला तर हेड, पिस्टन आणि बऱ्याचदा क्रँकही जातो. अवर मीटर (इंजिन किती तास चाललं ते मोजणारं) लावा आणि ऑइल मॅन्युअलमधल्या तासांना बदला. ऑइल जासो एमए (ऑइलमध्ये बुडालेल्या बाइक क्लचसाठीच्या) दर्जाचं घ्या, कारचं घातलं तर क्लच स्लिप होऊ शकतो. एअर फिल्टर नीट बसला नसेल तर धूळ टायटॅनियम व्हॉल्व्हचा लेप खाते, व्हॉल्व्ह सीटमध्ये आत जातो आणि टॅपेटचं अंतर (कॅम आणि व्हॉल्व्हमधली फट) कमी होत जातं. थंड गाडी किकला दाद देईना, की पहिला संशय इथेच. एकदा शिम (हे अंतर जुळवणारी छोटी चकती) बदलून भागवा. थोड्याच तासांत अंतर पुन्हा कमी झालं, तर शिमचा नाद सोडून व्हॉल्व्ह बदला.

जुनी फोर-स्ट्रोक घेताना मालकाला हेड कव्हर उघडायला सांगा. आतले शिम कारखान्यातल्या मापापेक्षा बरेच पातळ निघाले, तर हेडच्या कामाचे पैसे किमतीतून वजा करा. कव्हर उघडायलाच नकार दिला तर दुसरी गाडी बघा.